युद्धात सापडलेला माणूस आणि मराठी साहित्य

वऱ्हाडातल्या कोणत्याही महाविद्यालयात, मग ते अमरावतीचे असो की नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावचे, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी शिकवायला घेतली की विद्यार्थ्याच्या मनात पहिली शंका येते ती शीर्षकाविषयी. ह्या कादंबरीत रण कोठे आहे? तोफ नाही, सैन्य नाही, चढाई नाही. जय नाही आणि पराजयही नाही. आहे ती एक बोट. युरोपातून पूर्वेकडे निघालेली आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू निर्वासितांना घेऊन चाललेली. कादंबरी प्रसिद्ध झाली १९३९ साली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले. म्हणजे कथेतला काळ युद्ध रीतसर पुकारले जाण्यापूर्वीचा, आणि तरीही लेखकाने कृतीला नाव दिले ते ‘रणांगण’. विद्यार्थ्याची शंका बाळबोध समजून बाजूला सारण्याचा मोह शिक्षकाला होतो. तसे करू नये. युद्ध म्हणजे काय, याविषयीची जी समजूत ह्या शंकेच्या मुळाशी आहे ती त्या विद्यार्थ्याने एकट्याने घडविलेली नाही. ती मराठी काव्यपरंपरेने घडविली, पाठ्यपुस्तकांनी घोटून घेतली आणि मराठी समीक्षेनेही बऱ्याच अंशी निमूटपणे मान्य केली.

बेडेकरांचा जन्म अमरावतीचा (१९०६). वऱ्हाडी वाचकाला हा योगायोग सुखावणारा असला, तरी प्रस्तुत विवेचनाचा तो मुद्दा नाही. मुद्दा असा की, युद्धाचे वास्तव मराठीत ज्यांनी खऱ्या अर्थाने शब्दांत पकडले ते लेखक बहुधा लढणाऱ्यांच्या रांगेत उभे नव्हते. ते युद्धात सापडले होते. ‘सापडणे’ हे क्रियापद येथे जाणीवपूर्वक वापरले आहे. पावसात सापडावे, गर्दीत सापडावे, तसे हे लोक युद्धात सापडले. त्यांच्या लेखनाची एक सलग धारा मराठीत आहे. परंतु वीरश्रीच्या लेखनाला जसे नाव आणि अभ्यासक्रमात स्थान मिळाले, तसे ते ह्या धारेला मिळालेले नाही.

प्रचलित समजुतीचे मूळ काव्यशास्त्रात शोधावे लागते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह, असे आपले शास्त्र सांगते. आता उत्साह हा युद्धाच्या संदर्भात मुख्यतः प्रस्थानाच्या वेळचा भाव आहे. रणवाद्ये वाजतात, प्रतिज्ञा होतात, घोडी फुरफुरतात, तेव्हाचा. प्रत्यक्ष युद्ध चालू असताना आणि ते संपल्यावर मनात जे उरते ते भय, जुगुप्सा आणि शोक. शास्त्रकारांनी ह्या भावांनाही भयानक, बीभत्स आणि करुण असे स्वतंत्र रस दिले. त्यांची काही चूक नाही. चूक नंतरच्या व्यवहाराची आहे. ‘युद्धकाव्य’ म्हटले की वीररस, असे समीकरण रूढ झाले आणि उरलेले तिन्ही रस युद्धाच्या अंगणातून बाहेर काढले गेले. ज्या महाभारताकडे आपण युद्धकथेचा मूळ नमुना म्हणून पाहतो त्याने असे केलेले नाही. अठरा दिवसांच्या संग्रामानंतर व्यासांनी स्त्रीपर्व ठेवले आहे. गांधारी आणि कुरुकुलातल्या स्त्रिया रणभूमीवर येतात आणि प्रेते ओळखू लागतात. युद्धाचा हिशेब तेथे होतो. मराठीत इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने आणि त्याआधी दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्व’ने (१९६२) महाभारताकडे ह्या अंगाने पाहण्याची दृष्टी दिली. परंतु ‘युगान्त’ ज्या वर्षी आले त्याच १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, आणि घराघरांत पोहोचली ती ‘मृत्युंजय’. कर्णाच्या तेजाने दिपलेल्या वाचकाला गांधारीने उचललेली मस्तके पाहण्याची सवड उरली नाही. यात सावंतांचा दोष नाही. वाचकाची भूक कोणत्या बाजूला होती, एवढेच यातून दिसते.

पोवाड्याविषयी मात्र न्यायाने बोलले पाहिजे. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा हे जुने पोवाडे घटनेच्या फार जवळून आलेले आहेत. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा ही सारी रचना गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या मुखी जिवंत होती. पोवाडा समुदायापुढे उभे राहून गायचा असतो. त्याला बिदागी मिळते, त्याला श्रोत्यांचा होकार हवा असतो, आणि गेलेल्या माणसाचे नाव गावात टिकवून ठेवण्याचे कामही त्याच्याकडे असते. ज्या समाजात शिपायाच्या नावाची नोंद अन्यत्र कोठेच होत नव्हती तेथे हे काम लहान नव्हे. ह्या रूपबंधाची ताकद विसाव्या शतकातही संपली नव्हती. मुंबईच्या कामगार वस्तीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गेच्या काठची लढाई डफावर घेण्याचे ते धाडस आजही थक्क करणारे आहे. तरीही पोवाड्याची एक मर्यादा त्याच्या घडणीतच आहे. त्याला नायक लागतो. ज्याच्या हातात शस्त्र नाही, ज्याने काही ठरविलेले नाही, जो केवळ वाटेत आला, त्याच्यासाठी पोवाड्यात चौक नाही. कुसुमाग्रजांनी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार यांच्या १६७४ सालच्या नेसरीच्या झेपेवर लिहिलेली कविता ही ह्या परंपरेची आधुनिक परिणती होय. तिचे सामर्थ्य वादातीत आहे. पण ती कविताही संपते ती झेपेपाशी. त्या सहा जणांच्या घरी दुसऱ्या दिवशी काय झाले, हा प्रश्न त्या काव्यविश्वात उपस्थितच होऊ शकत नाही.

हा प्रश्न मराठीत उपस्थित झाला तो गद्यात, आणि तोही वाङ्मय लिहावे अशी आकांक्षा नसलेल्या माणसांच्या गद्यात. पानिपतच्या संग्रामावर बखरी आहेत. त्यांतल्या ‘भाऊसाहेबांच्या बखरी’चे गद्य तर मराठीचे भूषण मानले जाते. परंतु १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाचा खरा स्पर्श होतो तो नाना फडणविसांच्या त्रोटक आत्मचरित्रात. नाना तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर ते उत्तरेत गेले होते. बरोबर आई आणि पत्नी होत्या, आणि मनात तीर्थयात्रा होती. पराभवानंतर अंगावरचे कपडे टाकून, पायी, लपत, झाडपाला खाऊन हा तरुण जीव वाचवतो. आईची ताटातूट होते आणि ती पुन्हा भेटत नाही. पुढे ज्याच्या मुत्सद्दीपणाने पुणे दरबार चालला त्या माणसाने आपली ही अवस्था लपविलेली नाही. आपले शौर्य सांगितलेले नाही, कारण सांगण्यासारखे काही नव्हते. ह्या मजकुराला उत्साहाचा वारा लागलेला नाही, आणि म्हणूनच पानिपत हे नाव उच्चारताच मराठी मनात जी वाद्ये वाजू लागतात ती हे पान वाचताना वाजत नाहीत.

दुसरे उदाहरण अधिक समृद्ध आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यासह उत्तरेत निघाले ते दक्षिणेच्या आशेने. बायजाबाई शिंदे मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार अशी वार्ता होती, घरावर कर्ज होते, आणि भिक्षुकाला ही संधी सोडून चालण्यासारखे नव्हते. महूच्या आसपास त्यांना गदराची बातमी लागली. पुढे हा माणूस झाशीत पोहोचला आणि ह्यू रोजच्या सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्यात अडकला. एप्रिल १८५८ च्या सुरुवातीस शहर पडले. ‘माझा प्रवास’ ह्या नावाने हे निवेदन चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. भटजींनी ते लिहिले होते १८८३ मध्ये. इंग्रजी अमलाखाली हे छापणे धोक्याचे होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली उपलब्ध करून दिला.

गोडसे भटजींच्या नजरेत काय काय येते ते पाहण्यासारखे आहे. राणी येते, तिचा दरबार येतो, पण त्याबरोबर पाण्याची ओढ येते, गल्लीतली प्रेते येतात, लपून बसलेल्या माणसाची तहान येते. शहर पडल्यानंतरची लूट मौल्यवान जिनसांपासून सुरू होऊन भांड्याकुंड्यांपर्यंत आणि शेवटी धान्यापर्यंत कशी पायरीपायरीने खाली उतरत गेली, हे ते एखाद्या घरगुती हिशेबासारखे सांगतात. त्यांना राजकारण फारसे उमगलेले नाही, आणि उमगल्याचा आवही नाही. ब्राह्मणी आचारविचारांची चौकट त्यांच्या भोवती पक्की आहे. काही ठिकाणी ती आजच्या वाचकाला खुपते, आणि खुपावी. परंतु ह्या चौकटीतूनही एक गोष्ट निर्वेधपणे दिसते. युद्ध हे शहरातल्या सामान्य माणसाला घटनेच्या रूपात भेटत नाही. ते टंचाईच्या रूपात भेटते. पाणी मिळेल का, रात्र कोठे काढावी, कमरेला बांधलेले चार रुपये कसे वाचवावेत, ह्या प्रश्नांच्या रूपात ते भेटते. शेवटी भटजी खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परततात. द्रव्य मिळविण्यासाठी निघालेला माणूस आईबापांच्या स्नानासाठी पाणी घेऊन आला. कादंबरीकाराला सहजी सुचणार नाही असा हा शेवट आहे, आणि त्याला कल्पनेचा आधार नाही.

नाना यात्रेकरू होते, विष्णुभट भिक्षुक म्हणून वाटेला लागलेले, आणि ‘रणांगण’चा चक्रधर हा बोटीवरचा उतारू. तिघेही प्रवासी आहेत, याकडे अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे. युद्धाच्या मराठी गद्याला जो खरा रूपबंध सापडला तो प्रवासाचा आहे. याचे कारणही स्पष्ट आहे. शिपायाला रण हे गंतव्य असते. प्रवाशाला ते वाटेत आडवे येते. ज्याच्या वाटेत युद्ध आडवे येते तोच त्याच्याकडे परकेपणाने, म्हणून स्वच्छपणे, पाहू शकतो.

आता विद्यार्थ्याच्या शंकेकडे परत यावे. ‘रणांगण’ ही दीर्घकाळ एक शोकात्म प्रेमकथा म्हणून वाचली गेली. चक्रधर आणि हॅर्टा यांची बोटीवर भेट होते, प्रेम जुळते, मुंबई आली की चक्रधर उतरतो, हॅर्टा पुढे शांघायच्या दिशेने जाते. नंतर येतात ती पत्रे आणि तिच्या मृत्यूची बातमी. कथानक एवढेच. परंतु ही प्रेमकथा विफल होते ती दोघांच्या स्वभावामुळे की परिस्थितीमुळे, असा जो प्रश्न परीक्षेत हमखास विचारला जातो, तो प्रश्नच ह्या कादंबरीला अपुरा पडतो. बोटीवरच्या प्रत्येक माणसाची किंमत एकाच गोष्टीवरून ठरते: त्याला उतरायला बंदर आहे की नाही. चक्रधरला आहे. तो पारतंत्र्यातल्या देशाचा प्रजाजन आहे, गोऱ्यांच्या जगात त्याला तुच्छतेचे अनुभव आले आहेत, पूर्वीच्या एका प्रेमभंगाने तो कडवट झालेला आहे. तरीही त्याला मुंबई आहे. हॅर्टाला काही नाही. त्या काळात शांघाय हे परवान्याशिवाय निर्वासितांना उतरू देणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी एक होते. आणि हे शांघाय कोणते? १९३७ साली ज्याचा चिनी भाग जपानी सैन्याने घेतला ते. म्हणजे एका रणांगणातून हुसकलेली माणसे दुसऱ्या रणांगणाच्या आश्रयाला चाललेली होती. शीर्षकाची सार्थकता येथे आहे. बोट दोन रणांगणांच्या मध्ये चालते आहे, आणि बोटीचा प्रत्येक दिवस तिला एकापासून दूर व दुसऱ्याजवळ नेतो आहे.

बेडेकरांचे मोठेपण असे की त्यांनी चक्रधरला निर्दोष ठेवलेले नाही. तो सहानुभूतीने ओथंबलेला आहे, हॅर्टावर त्याचे प्रेम आहे. तरी मुंबईच्या धक्क्यावर तो उतरतो. कायदा, पैसा, घर, समाज, अशी कारणे वाचक त्याच्या बाजूने गोळा करू लागतो आणि गोळा करता करता स्वतःच अस्वस्थ होतो. ज्याच्या हातून कोणतीही हिंसा घडलेली नाही असा एक सुशिक्षित मराठी तरुण ह्या संहाराच्या साखळीतली एक कडी कशी होतो, हे कादंबरी दाखविते. तेही आवाज न चढविता, लहान वाक्यांत, जवळजवळ कोरडेपणाने. युद्धाच्या वास्तवाचे यापेक्षा निष्ठुर चित्रण मराठी कादंबरीत विरळा. ज्यू संहाराची पुरी माहिती जगाला होण्याच्या कितीतरी आधी हे लिहिले गेले, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मराठीत जे लढले ते लिहीत नव्हते आणि जे लिहीत होते ते लढले नाहीत. त्यामुळे रणभूमीचे वास्तव मराठीत न येणे अपरिहार्य होते. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. मराठी शिपाई मेसोपोटेमियात गेला, १९१६ साली कुत येथे तुर्कांचा बंदी झाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, त्यांपैकी घाडगे यांना तो मरणोत्तर. ह्या माणसांनी पाहिलेले जग मराठी कथा-कादंबरीत जवळजवळ नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरच्या कचेरीतून जात. तेथे उतारे इंग्रजीत करून ठेवले जात. त्या पत्रांचे जे आज वाचायला मिळते ते पुष्कळदा शिपायाच्या भाषेत नसून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या भाषेत आहे. परंतु आक्षेपाचा उत्तरार्ध टिकत नाही. चंद्रधर शर्मा गुलेरी कधी फ्रान्सच्या खंदकात गेले नव्हते. तरी हिंदीत ‘उसने कहा था’ ही कथा १९१५ सालीच आली. अमेरिकन यादवी १८६५ मध्ये संपली. तिच्यावरची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ ही श्रेष्ठ कादंबरी लिहिणारा स्टीफन क्रेन जन्मला १८७१ साली. प्रत्यक्ष अनुभव नसणे हे कारण पुरेसे नाही. लेखकाकडून वाचकाची आणि समीक्षेची मागणी काय होती, हे खरे कारण आहे. मागणी तेजाची होती. लेखकांनी तेज पुरविले.

१९६२ चे उदाहरण यासाठी बोलके आहे. चीनच्या आक्रमणानंतर मराठीत गीतांचा महापूर आला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज त्या वर्षी आणि पुन्हा १९६५ मध्ये सीमेवर जाऊन जवानांपुढे खंजिरी घेऊन उभे राहिले. ज्यांच्यासमोर ते गात होते त्यांना त्या गाण्याची गरज होती, आणि अशा गाण्याला वाङ्मयीन निकष लावणे अप्रस्तुत होय. प्रश्न त्या गाण्यांचा नसून त्यांच्यानंतरच्या शांततेचा आहे. पराभव का झाला, पुरेशा थंडीच्या कपड्यांवाचून त्या उंचीवर माणसांचे काय झाले, कैदेतून परतलेला शिपाई गावात कसा राहिला, यांविषयी मराठी सर्जनशील साहित्य गप्प राहिले. त्या पराभवाची सांगोपांग कहाणी मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी २०१५ साली मराठीत आणली, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. पुस्तकाचे नाव ‘न सांगण्याजोगी गोष्ट’. एका सेनाधिकाऱ्याला हे नाव सुचावे, यातच मराठी युद्धवाङ्मयाच्या अडचणीचे निदान आहे. पण हे पुस्तक इतिहासलेखन आहे. कादंबरीकाराची जागा अजून रिकामीच आहे.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की, ऐतिहासिक कादंबरीने हे काम केलेले आहे. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) काही अंशी केले, हे मान्य करावे लागेल. वेढलेल्या छावणीतली उपासमार, जनावरांचे मरण, यात्रेकरू आणि बायकामुले यांचे ओझे झालेले लष्कर, ह्या भागांत ती कादंबरी नानांच्या आत्मचरित्राजवळ जाते. प्रत्यक्ष लढाईचा दिवस उजाडला की मात्र निवेदकाचा आवाज बदलतो, वाक्ये लांब पावले टाकू लागतात, आणि कोठूनतरी डफ वाजू लागतो. पाटलांच्या ताकदीच्या लेखकालाही हा मोह आवरला नाही, यावरून परंपरेची पकड किती घट्ट आहे ते कळते.

कवितेत वेगळी वाट मर्ढेकरांनी दाखविली. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये रणभूमी नाही. पण महायुद्धाच्या वर्षांनी माणसाचे जे केले, त्याला एककासारखे, सुट्या भागासारखे मोजण्याची जी रीत पाडली, ती मर्ढेकरांच्या प्रतिमांमध्ये उतरली आहे. युद्धाविषयी न लिहिता युद्धानंतरचा माणूस लिहिणे हीही युद्धकविताच, असे म्हणावयास हरकत नसावी. पुढे अमरावतीच्याच सुरेश भटांनी १९८३ च्या संग्रहाला ‘एल्गार’ असे लष्करी नाव दिले, तेव्हा शत्रू सीमेपलीकडचा राहिलेला नव्हता. ही दिशा स्वतंत्र विवेचनाची आहे.

वऱ्हाडचा उल्लेख ह्या लेखात वारंवार आला तो प्रादेशिक अभिमानापोटी नव्हे. ह्या भूमीवरच एक युद्ध झाले आणि त्याने तिचे भवितव्य ठरविले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीने भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याच्या शिबंदीची मोठी कत्तल झाली. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. नांदगाव खंडेश्वर वर्धेच्या पश्चिमेसच येते. तोवर दुअमलीत, म्हणजे निजाम आणि भोसले अशा दोन धन्यांच्या वसुलीखाली राहिलेल्या ह्या गावांचा धनी तीन आठवड्यांत ठरला. नांदगावच्या खंडेश्वराच्या देवळात यादव राजा कृष्ण याच्या काळातला शके ११७७ चा शिलालेख आहे. तो देवाला दिलेल्या देणग्यांचा आहे. देणगीची नोंद दगडावर साडेसातशे वर्षांहून अधिक टिकली, आणि १८०३ च्या हिवाळ्यात ह्या परिसरातल्या माणसांवर काय गुजरले याची जाणीव आपल्या कादंबरी-कवितेच्या ठळक प्रवाहात कोठे उमटली नाही.

ती घटना लिहिली गेली, पण इंग्रजीत. वेलस्लीचे खलिते आहेत. त्याच्याबरोबर अडगावला आणि गाविलगडला हजर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची पत्रे आहेत. इतकेच नव्हे, बर्नार्ड कॉर्नवेल ह्या लोकप्रिय इंग्रज कादंबरीकाराने १९९९ साली गाविलगडच्या वेढ्यावर ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक अर्थातच इंग्रज सैनिक आहे. मेळघाटचा तो कडा तिच्यात त्याच्या पराक्रमाची पार्श्वभूमी म्हणून येतो. त्याच गडाच्या पायथ्याच्या परतवाड्याला गो. नी. दांडेकरांचा जन्म झाला (१९१६). मराठीला दुर्गांचे वेड लावणारा हा लेखक. पण त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांचे विश्व सह्याद्रीचे आणि स्वराज्याचे आहे. स्वाभाविकच आहे ते. जिंकलेल्या गडावर पोवाडा होतो. गाविलगड हरलेला, आणि तोही मराठी राज्याच्या उतारावर. वीरश्रीच्या मापाने त्याच्यात लिहिण्यासारखे काही उरत नाही. गोडसे भटजींच्या मापाने पाहिले तर भरपूर उरते.

हे माप अध्यापनात आणणे ही केवळ वाङ्मयीन हौस नव्हे. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांत पहाटे रस्त्याने धावणारी मुले सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी धावत असतात. तीच मुले अकरा वाजता मराठीच्या तासाला बसतात. त्यांतला एखादा पुढे खरोखरच सीमेवर जाईल. त्याला शाळेपासून आपण युद्धाविषयी जे दिले ते उत्साहाचे वाङ्मय होते. त्याला नानांचे ते दोन-चार पानांचे आत्मकथन, ‘माझा प्रवास’मधला झाशीचा भाग आणि ‘रणांगण’ ही तीनही सलगपणे वाचायला देता येतील. पोवाडा काढून टाकून नव्हे, पोवाड्याच्या शेजारी ठेवून. युद्धवाङ्मय ह्या विषयावर जे प्रबंध होतात त्यांतही वीररसाच्या छटा मोजण्याऐवजी निवेदक कोठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याला परत जायला घर आहे की नाही, हे प्रश्न विचारले जावेत.

आणि अडगाव-गाविलगडवर उद्या कोणी मराठीत लिहावयास बसलाच, तर त्याने सुरुवात तटाला पडलेल्या खिंडारापासून करण्याचे कारण नाही. वेलस्लीचे सैन्य चालत होते ते पुष्कळसे बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून आणलेल्या धान्यावर. १८०३-०४ हा दख्खनेतल्या मोठ्या दुष्काळाचा काळ. त्या गोण्यांतले धान्य कोणाच्या पेवातून निघाले, ते देताना घरात मागे काय राहिले, आणि बैल हाकणाऱ्याला स्वतःला रात्री काय खायला मिळाले, येथून ती कादंबरी सुरू होऊ शकते.